कांदेनवमी ते चंपाषष्ठी

‘कांदा पडला पेवात, पिसा हिंडे गावात’ अशी एक म्हण मराठी म्हणींच्या संग्रहांत आढळते. वस्तू एकीकडे आणि तिचा शोध दुसरीकडे, एवढाच तिचा अर्थ दिला जातो आणि व्यवहारात तो पुरेसा आहे. परंतु म्हणीत येणाऱ्या वस्तू सहसा उगाच येत नाहीत. पेव हे धान्याचे घर. तेथे कांदा जाणे ही मुळातच चुकीच्या जागी घडलेली गोष्ट आहे, आणि ती चूक ऐकताक्षणी ज्यांच्या लक्षात येत होती त्यांना धान्य कुठे ठेवावे आणि कांदा कुठे ठेवू नये, हे दोन्ही ठाऊक होते. या दोन ठेवणींतील फरकापासून आरंभ करून, हिंगोली जिल्ह्याच्या अंगाने, कांदा राखण्याच्या इतिहासाकडे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

मराठवाड्यातील जुन्या गावांची रचना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या दोन शब्दांत सांगता येते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पेव पांढरीत खोदले जाई. तळाशी आणि बाजूंनी कडब्याचे किंवा गवताचे अस्तर, त्यात ज्वारी, आणि तोंडावर माती. आतील प्राणवायू हळूहळू संपला की किडे मरत आणि धान्य टिकून राही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आतली कोंदट हवा माणसाचा जीव घेते, हे गावातल्या लहान पोरालाही सांगितलेले असे. म्हणजे धान्य टिकते ते कोंडल्याने. कांद्याचे नेमके उलटे आहे. तो काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. त्याला कोंडले तर तो आपल्याच वाफेने सडतो. त्याला वारा लागतो. धान्याची कोठारविद्या बंद करण्याची आणि कांद्याची उघडे ठेवण्याची, असा हा भेद आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा. कयाधू आणि पूर्णा या त्याच्या नद्या, उत्तरेला पैनगंगा. येथील रान ज्वारीचे, कापसाचे, तुरीचे, अलीकडे सोयाबीनचे आणि हळदीचे. कांदा येथे विहिरीच्या पाण्यावर, चार-दोन वाफ्यांत, मुख्यतः घरापुरता राहिला. पौष महिन्यात रोप लावायचे, चैत्र-वैशाखात काढायचे. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा तयार झाला असे समजावे. त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच पाणी तोडलेले असावे. उपटलेले कांदे वाफ्यातच अशा रीतीने पसरायचे की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर यावी. उन्हाने पात वाळते, कांदा मात्र भाजत नाही. तीन ते पाच दिवसांनी बोटभर मान ठेवून पात कापायची, आणि मग दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवण. या सुकवणीत मान आवळते, वरची साल कागदासारखी होते आणि आतल्या जिवाला जणू दार लागते. मान पूर्ण मिटली नाही तर पुढे तिच्यातूनच सड आत शिरते.

पुढची जागा प्रत्येक घराच्या ऐपतीप्रमाणे. माळवदाच्या घरात एखाद्या हवेशीर खोलीच्या कोपऱ्यात तुराट्यांच्या थरावर, कुडाच्या घरात आढ्याखालच्या माळ्यावर, काही ठिकाणी पातीसकट जुड्या बांधून वाशाला टांगून. कोकणात अलिबागचा पांढरा कांदा पातीच्या वेण्या घालून विकला जातो, त्यामागेही हीच बुद्धी आहे. जागा कोणतीही असो, एक काम सर्वत्र सारखे होते आणि ते घरातल्या बाईचे होते. दर आठ-पंधरा दिवसांनी कांदे खालीवर करायचे. मऊ पडलेला, काजळी धरलेला, कोंब आलेला वेगळा काढायचा. आधी तो खपवायचा आणि चांगला मागे ठेवायचा. जोडकांदा आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही म्हणून तो पहिल्याच महिन्यात संपवायचा. ही निवड हाताच्या स्पर्शाने आणि वासाने चाले.

आता पंचांग पाहू. चैत्र-वैशाखात घरात आलेला कांदा ज्येष्ठापर्यंत कोरड्या उन्हाळ्यात सुखाने राहतो. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की त्याची सड आणि काजळी वाढू लागते. पुढे जिवाची झोप मोडली की कोंब येऊ लागतात. आषाढ शुद्ध नवमी ही नेमकी या वळणावर येते. हीच कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, थालिपिठे, झुणका असे पोटभर खाऊन घ्यायचे, आणि दोन दिवसांनी येणाऱ्या आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करायचा, अशी अनेक मराठी घरांची रीत. चातुर्मास कार्तिक शुद्ध एकादशीच्या सुमारास संपतो. खंडोबा हे ज्यांचे कुलदैवत आहे त्यांच्यापैकी अनेक घरांत मात्र वांगे आणि कांदा मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, त्याच्यासोबत पातीचा कांदा असतो. पाऊस उघडताना लावलेला कांदा तोवर पातीला आलेला असतो.

कांदेनवमी ते चंपाषष्ठी हा सुमारे पाच महिन्यांचा काळ म्हणजे जुना कांदा टिकत नाही आणि नवा आलेला नसतो असा काळ होय. धर्माच्या दिनदर्शिकेने जेथे वर्ज्य असे लिहिले, तेथे कोठाराच्या दिनदर्शिकेत रिकामे असे लिहिलेले होते, असे आमचे अनुमान आहे.

या अनुमानावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि पलांडू द्विजांना वर्ज्य सांगितले आहेत ते बाराही महिने. तेथे ऋतूचा संबंध नाही. ह्युएन त्संगच्या प्रवासवृत्तांतातही कांदा-लसूण खाणाऱ्यांना नगराबाहेर काढले जात असल्याचा उल्लेख आहे. औंढा तालुक्यातील शिरड शहापूर येथे मल्लिनाथाचे प्रसिद्ध दिगंबर जैन मंदिर आहे. जैन आचारातील कंदमुळांचा निषेध अहिंसेच्या विचारातून येतो, कोठारातून नव्हे. दुसरा आक्षेप वांग्याचा. चातुर्मासात वांगेही सोडतात, पण वांगे कोणी साठवून ठेवत नाही. तेव्हा एका निषेधाला एकच मूळ असते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे मर्यादित आहे. बारमाही निषेध ज्यांना लागू नव्हता किंवा ज्यांनी तो मानला नाही, अशा बहुसंख्य मराठी घरांनी तो चार-पाच महिन्यांपुरता का स्वीकारला, या प्रश्नाच्या उत्तरात कोठाराला जागा द्यावी लागते. व्रत केल्याने टंचाईला नाव मिळते, आणि नाव मिळालेली टंचाई सोसवते.

येथे हिंगोलीकरांना एक जवळचा दुवा आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखवते, ते नरसी नामदेव याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या नावाशी जोडलेल्या आख्यायिकांपैकी एक अरणच्या सावता माळ्याची. विठ्ठल नामदेवांना चुकवून सावतोबांच्या पोटात लपला आणि नामदेव त्याला शोधत राहिले, ती कथा सर्वश्रुत आहे. मळ्यातली भाजी हाच आपला देव, असे सांगणाऱ्या सावतोबांच्या प्रसिद्ध अभंगात कांदा आणि लसूण हे देवाच्या रूपांत आले आहेत. ज्या संप्रदायातील अनेक माळकरी कांदा-लसूण खात नाहीत, त्याच संप्रदायाच्या एका माळ्याने कांद्याला विठ्ठल म्हटले, हा विरोध वरवरचा आहे. खाणारा एका जागी उभा आहे आणि पिकवणारा दुसऱ्या. खाणाऱ्याला कांदा सोडता येतो. पिकवणाऱ्याला त्याला पाणी द्यावेच लागते. सावतोबांनी देह ठेवला तो परंपरेनुसार शके १२१७ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे कांदेनवमीनंतर तीन आठवड्यांच्या आत. हा योगायोगच असेल, तरी लक्षात राहण्यासारखा आहे.

हिंगोलीचा कांदा वाफ्यातून बाजारात का गेला नाही, लासलगावसारखी पेठ येथे का उभी राहिली नाही, हा प्रश्न यापुढचा. लासलगाव मुंबईच्या थेट लोहमार्गावर आहे आणि तेथे १९४७ पासून बाजार समिती आहे. निफाड-येवल्याकडे पाऊस कमी, हवा कोरडी आणि पाटाचे पाणी उपलब्ध. हिंगोली निजामाच्या राज्यात होती. तेथील छावणी एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेची. येथला व्यापार कापसाचा. मराठवाड्यात १९०० च्या सुमारास आलेला लोहमार्ग मीटरगेजचा होता. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. हिंगोलीवरून जाणारा मार्ग तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला. कापसाच्या गाठीला या उतारचढीने फारसे काही होत नाही. कांद्याला प्रत्येक आदळआपट लागते आणि जेथे मार बसला तेथून तो नासतो. त्यात पाऊस नाशिकच्या कांदापट्ट्यापेक्षा अधिक.

याहून एक खोल कारण आम्हांला दिसते. हिंगोलीच्या शेतकऱ्याने नगदी म्हणून जी पिके धरली ती थांबू शकणारी होती. कापूस थांबतो. वसमतच्या बाजाराने नावारूपाला आलेली हळदही थांबते, कारण ती काढल्यावर शिजवली जाते. शिजवताना कंदाचा जीव जातो, मग वाळवण, आणि मग ती वर्ष-दोन वर्षे ठेवता येते. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळद पेवांत ठेवली जात असे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच पेवे निकामी झाली. हळद आणि कांदा दोन्ही जमिनीखाली वाढतात. त्यांतली एक पेवात जाऊ शकते आणि दुसरा जाऊ शकत नाही, कारण पहिलीचा जीव आपण आधीच घेतलेला असतो. जिवंत पीक सांभाळून भाव येईपर्यंत वाट पाहणे ही वेगळीच ऐपत आहे. कांद्याचा आधुनिक इतिहास हा या ऐपतीचा इतिहास आहे.

कांदाचाळ हे त्या ऐपतीचे दृश्य रूप. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकात बटाटे साठवलेले नाहीत. कांद्याची चाळ मात्र खरोखरच कांद्याची. दोहोंत समान आहे तो लांबट, खोल्याखोल्यांचा आकार. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या फटी, प्रत्येक कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आत आणि ढिगाची उंची चार-पाच फुटांपर्यंत. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, दुपाखी पूर्व-पश्चिम. हे सारे हिशेब वाऱ्याचे आहेत. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर कांदा उत्तम झोपतो. शून्य ते दोन अंशांच्या थंडीतही तो झोपतो. मधल्या, माणसाला सुखद वाटणाऱ्या गारव्यात मात्र त्याला कोंब फुटतात. माळ्यावरचा उबदार, कोरडा आणि वाहता वारा जुन्या गृहिणीने का निवडला होता, याचे हे अंकांतले उत्तर आहे.

चाळीइतकेच महत्त्व वाणाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ हा रब्बीचा वाण पाच-सहा महिने टिकतो. एन-५३ किंवा बसवंत-७८० हे खरिपाचे वाण काढले की विकावेच लागतात. देशाच्या एकूण कांद्यापैकी साठ ते सत्तर टक्के रब्बीचा असतो आणि पावसाळाभर देश त्याच्यावर जगतो. पुणे जिल्ह्यातील राजगुरूनगरला केंद्र शासनाची कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प २००२ साली सुरू झाला. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून कांदाचाळीला अनुदान मिळू लागले आणि चाळी मराठवाड्यातही दिसू लागल्या. तरीही साध्या साठवणीत चार-सहा महिन्यांत वजनघट, कोंब आणि सड मिळून तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत माल जातो. विकिरणाने कोंब थांबतात, सड थांबत नाही. शीतगृहात कांदा राहतो, पण बाहेर काढला की लवकर कोंबतो.

गोठवण्याचा मार्गही आहे. चिरून, हवाबंद पिशवीत भरून, उणे १८ अंशांत ठेवलेला कांदा काही महिने राहतो. मात्र पाण्याचे स्फटिक होताना पेशी फाटतात आणि वितळल्यावर कांदा लिबलिबीत होतो. तो फोडणीपुरता चालतो; बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खायचा कांदा त्यातून परत मिळत नाही. वैशाखातल्या उन्हात काप वाळवून ठेवणे हा त्याहून जुना उपाय आणि त्याला विजेची गरज नाही. गुजरातेतील महुव्याच्या कारखान्यांनी हाच उपाय मोठ्या प्रमाणावर केला आहे. हळदीप्रमाणे येथेही टिकाऊपणाची किंमत जिवाने चुकवली जाते.

चातुर्मासाची ती पाच महिन्यांची खिंड चाळीने भरून निघाली काय? आमच्या मते खिंड तेथेच आहे. तिच्यावर पूर्वी व्रत बसलेले होते, आता बाजार आणि शासन बसले आहे. तारखा पाहाव्यात. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील सत्तापालटाला कांद्याचा भाव कारण झाला असे मानले जाते. २०१० च्या डिसेंबरात भाव कडाडले आणि निर्यात थांबवली गेली. २०१९ च्या सप्टेंबरअखेर निर्यातबंदी आणि व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा एकाच वेळी आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी. ती २०२४ च्या मे महिन्यात उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. यांतील बहुतेक कडेलोट श्रावण ते मार्गशीर्ष या पट्ट्यातले आहेत. चैत्रात भाव पडलेला असताना ज्याने कांदा चाळीत ठेवला, निम्मा नासण्याची जोखीम घेतली, त्याचे वाट पाहण्याचे फळ हाती येण्याच्या वेळीच दार बंद होते. शहरातील ग्राहकालाही महागाई सोसत नाही, हे खरेच आहे. परंतु पूर्वी ज्या काळात ग्राहक व्रत करून थांबत होता, त्या काळाचे थांबणे आता एकट्या पिकवणाऱ्याच्या वाट्याला आले आहे, ही गोष्ट इतिहासाने नोंदवायला हवी.

तिची राजकीय नोंद झाली आहे. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागलेल्या शरद जोशींनी १९८० साली चाकणच्या कांद्यापासूनच आंदोलन उभे केले. शेतकरी संघटनेचे १९८२ चे पहिले अधिवेशन सटाण्याला, म्हणजे कांद्याच्या मुलखात झाले. १९८४ चे परभणीला झाले, आणि हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन भरले. कांद्याची लावणी, खुरपणी, काढणी आणि निवड ज्यांच्या हातून होते त्या बायांना अशा मंचावर शेतकरी म्हणून बोलावले गेले, हे त्या अधिवेशनाचे मोल होय.

साहित्यातील नोंद मात्र अपुरी आहे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही मराठवाड्यातील कथा टोमॅटोची. टोमॅटो थांबत नाही. त्याचा निकाल एका बाजाराच्या दिवशी लागतो, म्हणून त्याला कथेचा आकार लवकर सापडतो. कांदा महिनोन्महिने नासतो. रोज चार कांदे, आठवड्याला एक टोपली. अशा संथ नुकसानीला क्षण नसतो आणि क्षण नसलेली गोष्ट कथेला अवघड जाते. वसमत तालुक्यातील रिढोऱ्यात जन्मलेल्या इंद्रजित भालेराव यांनी ‘पीकपाणी’पासून या मुलखाच्या शेतीचा संसार कवितेत आणला, त्या वाटेवर अजून पुष्कळ जागा मोकळी आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि अध्यापकांसाठी येथे एक काम आहे. पेव, बळद, कणगी हे धान्याचे शब्द कोशांत सुरक्षित आहेत, कारण धान्यावर सारा होता, बलुते होते, लिहिणाऱ्याची नजर होती. कांद्याच्या निवडीचे शब्द निवडणाऱ्या बायांच्या तोंडी राहिले. मऊ पडायला लागलेल्या कांद्याला कळमनुरीकडे काय म्हणतात, सेनगावला काय म्हणतात. मान न मिटलेल्याला वेगळे नाव आहे का. कोंब काढून टाकून कांदा आणखी किती दिवस चालवतात. हे सांगू शकणाऱ्या आजीबाई अजून आहेत. कांदेनवमीच्या आसपास, कांदे खालीवर करण्याच्या वेळी, एखादी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले तर बराच मजकूर मिळेल.